अंजिराबाईंचं दुसरं घड्याळ

अंजिराबाईंच्या मनगटावरच्या घड्याळानं अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर सोडचिठ्ठी मागितली. तसा रीतसर अर्ज आडगेवाडीच्या तंटामुक्ती समितीकडं आला. अर्जात कारण एकच लिहिलं होतं: बाई बघतात, पण त्यांना मी दिसत नाही.

घड्याळ लग्नातलं. सोनेरी, बायकी, तबकडी चिंचोक्याएवढी, आणि आकड्यांच्या जागी नुसते बारा ठिपके. लग्न झालं तेव्हा अंजिराबाईंचे डोळे असे होते की शेजारणीच्या सुपातला खडा त्या आपल्या ओट्यावरनं दाखवायच्या. पुढं मालक वारले. त्यांची ग्रामपंचायतीतली पाणी सोडायची नोकरी बाईंना मिळाली आणि व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी त्यांच्या दाराआड उभी राहिली. पाणी सकाळी सहाला सुटायचं. खालच्या आळीला वीस मिनिटं, मधल्या आळीला वीस, पेठेला वीस. पेठेत सरपंच राहायचे, तरी वीसच. एकदा सरपंचीणबाईंनी निरोप धाडला, पाहुणे आलेत, पाच मिनिटं जास्त सोडा. अंजिराबाईंनी उलट निरोप दिला, पाहुण्यांना अंघोळ करूनच निघायला सांगायचं होतं.

चावी काढून घ्यायचं पेठेच्या मनात होतंच. फक्त निमित्त पाहिजे होतं.

निमित्त डोळ्यांनी दिलं. चाळिशी उलटली तसे आधी ठिपके पुसट झाले, मग दोन काटे एकमेकांत शिरले. बाई हात लांब करून बघायच्या. पुढंपुढं हातच आखूड पडायला लागला. चष्मा होता. पण व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकलं की बाईंच्या आधी चष्मा खाली जायचा. दोन गेले. त्यातला एक अजून खालच्या आळीच्या पाइपात आहे, आणि त्या आळीचं पाणी तेव्हापासून जरा स्वच्छ दिसतं असं म्हणतात.

मग एका मंगळवारी खालच्या आळीला पन्नास मिनिटं पाणी आलं आणि पेठेला पाच. सरपंच डोक्याला साबण लावून, डोळे मिटून बसले होते. ते तसेच पाऊण तास बसले. दुसऱ्याच दिवशी घड्याळाचा अर्ज आला. घड्याळाला लिहिता येत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. अर्ज कुणी लिहून दिला हे कुणी विचारलं नाही.

सुनावणीला घड्याळ टेबलावर धुतलेल्या रुमालावर ठेवलं होतं. समितीचे अध्यक्ष वामनतात्या त्याच्याकडं बघून म्हणाले, "घाबरायचं नाही. काय त्रास आहे ते सांगा."

"मारहाण नाही," घड्याळ बारीक आवाजात म्हणालं. "सेल वेळच्या वेळी मिळतो. पण दिवसातनं चाळीस वेळा मला तोंडापाशी धरतात आणि शेजारणीला विचारतात, वाजले किती."

ग्रामसेवकांनी ते लिहून घेतलं.

"अंजिराबाई, यावर काय म्हणणं आहे?"

"म्हणणं काय असायचं? एवढंसं तोंड घेऊन आलं त्यो माझा दोष हाय का? अठ्ठावीस वर्षांत एक आकडा लावून घेतला न्हाई अंगाला. ठिपके. ठिपक्यावरनं म्या वळखायचं, आन ह्यानं नुसतं टिकटिक करायचं."

"समेट होतोय का बघा," वामनतात्या म्हणाले. समितीला वर्षातनं अमुक इतके समेट दाखवावे लागतात.

"नाही," घड्याळ म्हणालं. "मला आता तरणं मनगट पाहिजे."

सभेत कुणी खोकलं. अंजिराबाईंनी पदर खोचला. "बरोबर हाय तुझं. काच तुझी खरबडलीय, पट्टा तुझा तिसरा चालू हाय, आन म्हातारी मी."

सोडचिठ्ठी मंजूर झाली. सरपंचांची सूनबाई दुसऱ्याच रांगेत बांगड्या मागं सारून बसली होती. घड्याळ सभा संपायच्या आत तिच्या हातावर गेलं. अंजिराबाईंच्या मनगटावर उरला पांढरा पट्टा, जिथं अठ्ठावीस वर्षं ऊन लागलं नव्हतं.

मग वामनतात्यांनी नियम वाचून दाखवला. रिकाम्या मनगटाच्या माणसाला व्हॉल्व्हची चावी ठेवता येत नाही. सोमवारपर्यंत बाईंनी दुसरं घड्याळ करावं, आणि समितीसमोर, खड्ड्यापाशी, चष्म्याशिवाय ते वाचून दाखवावं. नाहीतर चावी पेठेकडं जाईल.

"मी काय म्हणतो बाई," वामनतात्या मायेनं म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त पेठेत राहत होता. "वय झालं. आता घरी बसावं."

"घरी बसून काय करू तात्या? नळाची वाट बघू?"

तालुक्याला सिकंदरभाई घड्याळं दुरुस्त करायचे आणि त्यांची लग्नंही जमवायचे. रविवारी ते एका पिशवीत तीन स्थळं घेऊन आले. अंजिराबाईंनी पोहे केले, ओसरीवर सतरंजी घातली, स्टीलच्या ताटलीत रुमाल अंथरला. घड्याळं पोहे खात नाहीत. म्हणून प्रत्येक स्थळाची बशी सिकंदरभाईंनीच संपवायची, अशी पद्धत आहे.

"अंजिराआपा, एक गोष्ट," सिकंदरभाई पहिली बशी घेत म्हणाले. "जरा गोड बोला. दुसरेपणाचा मामला आहे."

पहिलं स्थळ पुण्याचं होतं. काळी तबकडी, काळे काटे, आकडा नाही, ठिपकाही नाही.

"ह्यात वेळ कुठं असती?" बाईंनी विचारलं.

"आमच्यात आकडे लावणं कमीपणाचं समजतात," स्थळ म्हणालं. "समजणाऱ्याला समजतं. तुमचं शिक्षण?"

"चौथी."

"अच्छा," स्थळ म्हणालं, आणि ते अच्छा बराच वेळ ओसरीवर पडून राहिलं. "एकदा सुईत दोरा ओवून दाखवता का? नजरेचा अंदाज येतो."

अंजिराबाई हसल्या नाहीत. सतराव्या वर्षी त्यांना चार ठिकाणच्या लोकांनी बघितलं होतं आणि चौघांनी सुई ओवायला लावली होती. त्या आत गेल्या, सुई आणली, दोरा ओठांत ओला केला, डोळे मिटले आणि बोटांनी चाचपून ओवून टाकला.

"बघून ओवायचं होतं," स्थळ म्हणालं.

"आन तू दिसायचं हुतं," बाई म्हणाल्या. "सिकंदरभाई, हे उचला. अवसेच्या रात्री काळ्या मांजराला बांधा."

दुसरं स्थळ तरणं, चौकोनी, चकचकीत. आकडे चांगले मोठे होते. अंजिराबाईंनी हात लांब केला आणि त्यांना पहिल्या झटक्यात अकरा वाजून चार मिनिटं दिसली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात घड्याळ विझलं.

"हात झटका आपा, परत लागतं," सिकंदरभाई म्हणाले.

"एका हातात चावी असती, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला. झटकू कुठला?"

"आपण आज फक्त नऊशे पावलं चाललात," स्थळ आपणच परत लागून म्हणालं. "उठून उभं राहायची वेळ झाली आहे. काल रात्री आपण किती झोपलात?"

अंजिराबाईंनी सिकंदरभाईंकडं बघितलं. सिकंदरभाईंनी पोह्यांकडं बघितलं.

"संसारात मालकांनी कधी इचारलं न्हाई किती झोपलीस," बाई सावकाश म्हणाल्या. "इचारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तुला का पाहिजे? आन कुणाला सांगणार हायस?"

स्थळाचा चार्ज संपला होता.

तिसरं सिकंदरभाईंनी पिशवीतनं काढायला जरा वेळ लावला. "बिजवर आहे," ते म्हणाले. "रेल्वेच्या एका गार्डसाहेबांच्या हातावर एकतीस वर्षं होतं. साहेब गेले. तेव्हापासून माझ्या खणात आहे. आणलंय, पण जबरदस्ती नाही."

ते पुरुषी होतं. तबकडी बत्ताशाएवढी, पांढरी. आकडे जाड, काळे, एक ते बारा सगळे हजर. तासाचा काटा बुटका आणि रुंद, मिनिटाचा लांब. सख्ख्या भावांतही एवढा फरक दिसत नाही. तारखेची खिडकी नाही, चांदतारे नाहीत. एक ओरखडा होता, तोही कडेला.

अंजिराबाई सुई घेऊन बसल्या होत्या.

"ओवू का?" त्यांनी विचारलं.

"कशाला?" घड्याळ म्हणालं. "बघायचं तुम्हाला आहे. दिसायचं मला आहे. तुम्हाला काही विचारायचंय?"

अंजिराबाईंना आजवर कुठल्याच बघण्याच्या कार्यक्रमात कुणी असं विचारलेलं नव्हतं. त्यांनी सुई पदराला टोचली. मग घड्याळ उचलून अंगणात गेल्या, भर उन्हात हात लांब केला, मग कोपरात दुमडला, मग वाकून गुडघ्याशी नेला. तिन्हीकडं पावणेबारा वाजले होते.

"काच चकाकत न्हाई," त्या आत येऊन म्हणाल्या. "खोट काय हाय?"

"वय," घड्याळ म्हणालं. "साहेब गेल्यापासून रोज चार मिनिटं मागं पडतात. आणि एक अट आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या. आता कुणी मला हात लावून पुढं ढकलू नये."

सिकंदरभाईंचा घास थांबला. व्यवहारी माणूस, स्थळ मोडलं असं त्यांनी मनाशी धरलं.

अंजिराबाईंनी मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट फिरवलं. "मलाबी न्हाई आवडत," त्या म्हणाल्या. "लोकं लई ढकलत्यात."

पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला. साखर वाटली. सिकंदरभाईंनी तिसरी बशी संपवली आणि एका बैठकीत दोन दिवसांचं जेवण झालं असं सांगून निघाले.

सोमवारी समिती खड्ड्यापाशी जमली. अख्खी पेठ आली होती, रिकामे हंडे घेऊन, कारण चावी मिळाली की पहिलं पाणी आपल्यालाच असं ठरलेलं होतं. अंजिराबाईंनी हात लांब केला. "सहाला सात कमी." वामनतात्यांनी घड्याळात डोकावून बघितलं, मग त्यांनीच डोळे बारीक केले, मग म्हणाले, "बरोबर."

सरपंचीणबाई पुढं आल्या. "घड्याळ मागं पडतं म्हणे. रोज चार मिनिटं. तालुक्यात सगळ्यांना माहिती आहे."

"पडतं," घड्याळ म्हणालं.

ग्रामसेवकांनी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. "वीस मिनिटांच्या पाळीत तीन सेकंदांचा फरक पडतो."

"तीन सेकंदात पेठेत कोण चूळ भरून दावंल तर मी चावी देती," अंजिराबाई म्हणाल्या.

कुणी पुढं आलं नाही.

"पण सुरुवात?" सरपंचीणबाई म्हणाल्या. "पाणी सहाला सुटायचं. कुणाच्या सहाला?"

यावर जुना ठराव निघाला. पिवळा पडलेला, पण सहीशिक्क्याचा: चावी ज्याच्या हाती, घड्याळ त्याचं. तो सरपंचांच्या वडलांनी करून घेतला होता, चावी त्यांच्या मेव्हण्याकडं होती तेव्हा. त्यांच्या काळात पेठेची वीस मिनिटं फार लांबायची. वामनतात्यांनी ठराव दोनदा वाचला. रद्द करायचा तर सरपंचांच्या वडलांचा अपमान होत होता. म्हणून तो कायम झाला, आणि चावी अंजिराबाईंच्या दाराआड राहिली.

त्या दिवशी पाणी सहाला सुटलं. दुसऱ्या दिवशीही सहाला सुटलं, सूर्य चार मिनिटं वर आल्यावर. पंधरा दिवसांनी सहा वाजले तेव्हा तालुक्यात सात वाजले होते. पेठेनं आठवडाभर तोंड फुगवलं, पण फुगवलेलं तोंड धुवायला पाणी लागतंच. पाणी आल्याशिवाय चहा नाही, चहाशिवाय माणूस उठत नाही, आणि माणूस उठल्याशिवाय सकाळ झाली असं धरता येत नाही. गाव घड्याळाबरोबर सरकलं. शाळा सरकली, पीठगिरणी सरकली. कोंबड्यांनी महिनाभर हट्ट धरला, मग त्यांनीही नाद सोडला. एका महिन्यात तर आडगेवाडीत कोवळं ऊन मावळतीकडनं यायचं आणि म्हातारी माणसं त्यात पाठ शेकत बसायची. पण प्रत्येक आळीला वीस मिनिटं मिळत होती. मोजून वीस. सरपंचांच्या डोक्याला परत कधी साबण राहिला नाही.

तीनशे साठाव्या दिवशी आडगेवाडीचे सहा फिरून सूर्य उगवतानाच वाजले. सगळं पहिल्यासारखं झालं. फक्त गाव एक दिवस मागं राहिलं होतं.

तालुक्याहून पत्र आलं, आपल्या अहवालांवर कालची तारीख का असते याचा खुलासा करावा. ग्रामसेवकांनी खुलासा केला की घड्याळ बिजवर असून लग्नातल्या अटीमुळं पुढं ढकलता येत नाही. तालुक्यानं तो दप्तरी दाखल करून घेतला.

त्याच आठवड्यात समितीकडं आणखी एक अर्ज आला. सोनेरी, बायकी. कारण: सूनबाईंना दिसतं, पण त्या बघत नाहीत, त्या मोबाईल बघतात. वामनतात्यांनी समेटाची आशा धरून खड्ड्यापाशी जाऊन बाईंना विचारलं, जुनं परत घेताय का.

"दुसऱ्या मनगटाला चावी पेलायची असती," अंजिराबाई म्हणाल्या. "तिथं जागा न्हाई."

वामनतात्या निघता निघता थांबले. "बाई, एक सांगू? बाहेर सगळीकडं आज बुधवार आहे."

अंजिराबाईंनी हात लांब केला. काटे उभे, एकाखाली एक, स्वच्छ.

"आसंल," त्या म्हणाल्या. "आपलं मंगळवारचं पाणी सोडायचं ऱ्हायलंय." आणि त्यांनी चावी फिरवली.