वेस, हत्ती आणि भुजंगरावांची मिशी

"वेशीचा एक दगड जरी इकडचा तिकडं झाला, तर मिशी उतरून ठेवीन!" असं भुजंगराव भर चौकात बोलून गेले आणि घरात गोजरबाईंनी देवापुढं दिवा लावला. नवऱ्याची मिशी पणाला लागली की काय होतं, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

गाव केदारखेड्यापासून थोडं आत. रस्ता रुंद होणार होता आणि जुनी वेस नेमकी मधोमध येत होती. ठेकेदाराच्या मते तिची झकास खडी झाली असती. भुजंगरावांच्या मते ती वारसाबागेत जाणार होती. ही बाग त्यांच्याच डोक्यातून निघालेली. गावातली पडू घातलेली जुनी बांधकामं सोडवायची आणि गायरानाच्या कडेला जशीच्या तशी उभी करायची. निजामाच्या काळातली चौकी आली, तेलघाण्याची पडवी आली. बालकिशनशेठनी आजोबांच्या दुकानाचा कोरीव दर्शनी भाग दिला, आणि तो जागेवर आहे ना हे बघायला ते रोज संध्याकाळी येत. आता वेस तेवढी राहिली होती.

जुन्या इमारती जपण्याचं शिक्षण घेतलेली तृप्ती जालन्याहून आली. तिनं वेशीच्या प्रत्येक दगडावर गेरूनं आकडा घालून घेतला आणि मगच तो उतरवू दिला. दगड ट्रॅक्टरमधून बागेत आले. आता आकडे बघत लावत जा, उद्घाटनाला येते, असं गवंड्यांना सांगून ती परत गेली. भुजंगरावही पेढे सांगायला भोकरदनला गेले.

ते परतले तेव्हा भजनी मंडळाच्या बायका पदर खोचून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी दगडांची पूजा होती, आणि पूजेचा दगड पारोसा ठेवायचा नसतो! टँकर मागवून, काथ्यानं घासून सगळे दगड न्हाऊ घातले होते. प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं होतं. दगड नवरीसारखे दिसत होते. आकडा एकावरही नव्हता.

"आकडे कुठं गेले?" भुजंगरावांनी कसंबसं विचारलं.

"त्या लाल रेघोट्या व्हय?" गोजरबाई म्हणाल्या. "लई चिवट व्हत्या बगा. पर आमी सोडल्या न्हाईत."

भुजंगरावांनी दोन-चार दगड उलटेपालटे करून पाहिले. तृप्तीकडे नकाशा होता, फोटो होते. पण तिला फोन करायचा म्हणजे आपली मिशी आपण होऊन तिच्या हातात द्यायची. ते काही जमणारं नव्हतं. त्यांनी दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं की वेशीचे फोटो आणा.

फोटोंना तोटा नव्हता. गावातला प्रत्येक नवरदेव वेशीत थांबून फोटो काढत आला होता. भुजंगरावांच्या ओसरीवर अल्बमांचा ढीग पडला. पण एका फोटोत वेशीच्या जागी फेटा होता, दुसऱ्यात बँडवाल्याचा भोंगा, तिसऱ्यात करवल्या. सगळं गाव दिसत होतं, वेस तेवढी दिसत नव्हती.

मग त्यांना स्वतःचा फ्लेक्स आठवला. कोपऱ्यात हसरे भुजंगराव, मागे अख्खी वेस, दगड न् दगड स्पष्ट. हा सेल्फी त्यांनी स्वतःच्या हातानं काढला होता. त्यांनी फ्लेक्स बागेत टांगला आणि गवंड्यांना तो बघून काम करायला लावलं.

वेस चढू लागली. एका खांबाच्या आतल्या अंगाला हत्ती कोरलेला होता. तो डावीकडे बसताना बघून म्हाताऱ्या मालनबाई काठी टेकत आल्या.

"भुजंगा, हत्ती उजव्या हाताला व्हता रं."

"मावशी, तुमचं वय झालं," भुजंगराव म्हणाले. "फोटो खोटं बोलत न्हाई."

उद्घाटनाच्या दिवशी सगळा गाव लोटला. फीत कापायचा मान गावात सगळ्यांत आधी सून होऊन आलेल्या मालनबाईंचा. नवी सून वेशीत शिरताना हत्तीला उजव्या हातानं हळदीकुंकू लावते, ही गावाची रीत. मालनबाईंनी फीत कापली, आत पाऊल टाकलं, उजवा हात पुढे केला. तिथं नुसता दगड. त्या थबकल्या. मग बाहेर आल्या, वेशीला वळसा घालून मागच्या कपाशीच्या शेतात गेल्या आणि पलीकडून शिरल्या. आता हत्ती बरोबर उजवीकडे आला. त्यांनी त्याला कुंकू लावलं, कपाळ टेकवलं आणि ढसाढसा रडल्या.

बायका त्यांच्यामागून वळल्या. बायकांमागून बँड वळला, बँडमागून गाव. कपाशी तुडवत माणसं वेशीत शिरत होती आणि जो तो हत्तीला हात लावत होता. भुजंगरावांचे डोळे भरून आले. वेशीची खडी झाली नव्हती. ती उभी होती, आणि आपल्यामुळे उभी होती.

तृप्तीनं नकाशा उघडला, वेशीकडे बघितलं, पुन्हा नकाशाकडे बघितलं.

"काका, दगडाला दगड जुळलाय," ती हळूच म्हणाली. "वेस फक्त पाठमोरी उभी आहे."

लोकांच्या नजरा मिशीकडे गेल्या. तेवढ्यात बालकिशनशेठ मधे पडले.

"शर्त एका दगडाची व्हती. इथं तर सगळेच इकडचे तिकडं झाले. ही शर्त बिलकुल लागू न्हाई."

गावानं ते मान्य केलं. भुजंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. पण असं झालं कसं, ते त्यांना कळेना. गोजरबाई मात्र मघापासून फ्लेक्ससमोर उभ्या होत्या.

"अवो," त्यांनी हाक मारली, "ह्या फोटूत तुमच्या सदऱ्याचा खिसा आरशातल्यावानी उजवीकडं कसा काय आला?"

भुजंगरावांनी फ्लेक्सकडे पाहिलं. मग छातीवर डावीकडे असलेल्या खिशाकडे. मग मोबाइलकडे.

फ्लेक्स अजून बागेत आहे, कारण फोटो खोटं बोलत नाही यावर भुजंगराव ठाम आहेत. हल्ली पाहुण्यांना बाग दाखवायला ते नवा सदरा घालून येतात. शिंप्यानं तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि मगच त्याचा खिसा उजवीकडे शिवला.