व्याह्यांचा पेनड्राइव्ह

"दिसायला बरी हाय, कामाला बी बरी हाय, पन आवाज कसा हाय, ते अजून कळलं न्हाई बघ."

गीताबाई मोरीपाशी उभ्या राहून फोनवर बहिणीला सांगत होत्या. आणि ज्या सुनेबद्दल हे चाललं होतं ती प्रज्ञा दाराच्या अलीकडे, हातात दुधाचं पातेलं धरून उभी होती. तिला राग आला नाही. लग्नाला अठरा दिवस झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत 'हो', 'नको' आणि 'मीठ बघता का?' यापलीकडे तिनं खरोखरच फारसं काही उच्चारलं नव्हतं.

राहात्यातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं, तुषारचं, फ्लेक्सच्या डिझाइनचं दुकान होतं. वाढदिवस, साखरपुडा, दहावं, सगळं तिथं तयार व्हायचं आणि छपाईसाठी नगरला नागापूरच्या मशीनवर जायचं. कॉम्प्युटर तुषारचा, त्याची राखण मात्र सासऱ्यांकडे. रंभाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं फुकट्या प्रवाशांवर नजर ठेवलेला माणूस व्हायरसला काय सोडतो! दाराशी खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाइकानं खिशातून पेनड्राइव्ह काढला की, "थांबा. आधी तपासणी." एकदा नाही, दोनदा. नगराध्यक्षांच्या मेहुण्यालाही सवलत नव्हती.

सवलत फक्त घरच्यांना, एसटीत कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास असतो तशी. म्हणूनच परवा प्रज्ञाचा भाऊ रविराज जामखेडहून लग्नाचे फोटो घेऊन आला, तेव्हा रंभाजींनी त्याचा पेनड्राइव्ह दोन्ही हातांनी, मानाचा नारळ घ्यावा तसा घेतला.

"मामंजी, तपासून..." प्रज्ञा म्हणाली होती. (एवढंच. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दोन वर्षं नोकरी केलेल्या बाईनं निदान वाक्य तरी पुरं करायला हवं होतं.)

"व्याह्यांचा पेनड्राइव्ह तपासायचा?" रंभाजी दुखावले. "लोक काय म्हनतील, सूनबाई!"

तुषारचा भरवसा वेगळ्याच गोष्टीवर होता. त्याच्याकडे 'बॅकअप' नावाचं फोल्डर होतं, त्याच्या पोटात 'बॅकअप खरा', आणि त्याच्या पोटात 'बॅकअप खरा नवीन'. तिन्ही त्याच कॉम्प्युटरमध्ये. चौथा बॅकअप पेनड्राइव्हवर. आणि तो हरवू नये म्हणून कॉम्प्युटरच्या मागं कायमचा खोचून ठेवलेला.

बारा एप्रिलला दुपारी साडेतीनला या सगळ्या बॅकअपांनी एकदम मान टाकली. प्रत्येक फोल्डरवर एक छोटासा बाण उगवला. उघडायला गेलं की काहीच नाही. आणि आत होता जयंती उत्सव समितीचा कमानीचा फ्लेक्स. सहाच्या आत फाइल नागापूरला गेली नाही, तर यंदा चौदा तारखेला कमान उघडीच राहणार होती.

रंभाजींनी समितीच्या सचिवाला, छगनला, बोलावून घेतलं.

"जय भीम, मामा. झाला का फ्लेक्स?"

"जय भीम. बसा. सकाळी तुमचा पेनड्राइव्ह लागला आन् दुपारी ह्ये असं झालं."

"आवं, तुमीच दोनदा तपासला की! आन् हितून गेल्यावर मी त्यो पतसंस्थेत लावला, हेडमास्तरांकडं लावला. तिथं कुनी बोंब मारली का?"

"मारतील. सवडीनं."

छगन उठून उभा राहिला. "मामा, चौसष्ट शुभेच्छुक हायेत त्यात. कुनाचा फोटो कुनाशेजारी, किती बोटं मोठा, यावर तीन बैठका झाल्यात. परत सगळ्यांना गॉगल घालून उभं करू? गेल्या साली श्रीमंतदादाचा फोटो बोटभर बारीक आला, त्यो अजून माझ्या दारावरनं जात न्हाई. आन् आता म्हनं मीच व्हायरस आनला! गावात तोंड दाखवू का नको मी?"

प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली होती. ते बाण तिनं लांबूनच ओळखले. लॅबमध्ये दर सोमवारी कुणाचे ना कुणाचे उगवायचे. फायली कुठंही गेल्या नव्हत्या, फक्त लपल्या होत्या. हे सांगणं सोपं होतं. पण त्याच्या पाठोपाठ सांगावं लागणारं दुसरं वाक्य तिच्या तोंडून निघेना: हे आलं कुठून, ते. एकदा ते बोललं की जामखेडचं नाव संध्याकाळच्या फोनवर जाणार. (छगनचं नाव मात्र आत्ताच, डोळ्यांदेखत चाललं होतं, हेही तिला दिसत होतं.)

"जाऊ द्या," तुषार घाम पुसत म्हणाला. "फॉरमॅट मारतो. एकदम स्वच्छ. बॅकअप आहेच की मागं खोचलेला."

प्रज्ञानं ट्रे टेबलावर ठेवला, पुढं झाली आणि भिंतीतला प्लग उपटला.

"अगं बाई! हिला झालं काय?" गीताबाई आतून धावत आल्या.

प्रज्ञानं मागचा पेनड्राइव्ह काढून घेतला, नवऱ्याला हातानंच खुर्चीवरून उठवलं, प्लग परत लावला आणि बसली. आधी तपासणी चालवली. त्यात आजवर व्याह्यांच्या मानापायी न तपासलेलं बरंच काही निघालं. मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. बाण गेले. एकेक फोल्डर, लपाछपी संपल्यावर पोरं यावीत तसं, बाहेर आलं. चौसष्टच्या चौसष्ट गॉगल जागेवर होते. पावणेसहाला फाइल नागापूरला गेली.

"बघा छगनराव," रंभाजींना पुन्हा कंडक्टरचा सूर सापडला, "सुनंनं निस्तरलं म्हनून वाचलात. पुढच्या येळी..."

छगननं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "येतो मी. समितीनं दुसरा सचिव बघावा."

"थांबा वो, चहा तर घ्या," गीताबाई मध्ये पडल्या आणि सुनेकडे वळल्या. "पन ह्यो आला तरी कुनाकडनं? बाई, तुला कळतंय नव्हं यातलं? मग सांग की तोंडानं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. चहावर साय धरली होती.

"मामंजी, छगनभाऊंचा पेनड्राइव्ह स्वच्छ होता," प्रज्ञा म्हणाली. "व्हायरस जामखेडहून आलाय, माझ्या लग्नाच्या फोटोंबरोबर. आणि छगनभाऊ, सकाळी आमच्याकडनं तो तुमच्या पेनड्राइव्हवर चढला असणार. तेव्हा आधी पतसंस्थेत आणि हेडमास्तरांना फोन लावा, आणि सांगा, मी येईपर्यंत कुणीही फॉरमॅट मारू नका."