महादेवप्पांचा गरम वारा

महादेवप्पांच्या मोटारीतून गार वारा येत होता, आणि सोलापुरात ही तक्रार न्यायची कुणाकडे, हाच मोठा प्रश्न होता.

मोटार मूळची एका गोऱ्या साहेबाची. साहेब क्वेट्ट्याहून बदलून आला, त्याने सोलापूरचा एक उन्हाळा कसाबसा काढला आणि तडक विलायत गाठली. जाताना त्याने विकलेली मोटार मंगळवार पेठेतले भुसार व्यापारी महादेवप्पा यांनी घेतली. क्वेट्ट्याच्या बर्फासाठी तिच्यात हीटर बसवलेला होता. मागे बसणाऱ्याच्या पायापाशी पत्र्याची पेटी, पेटीत पंखा, आणि इंजिनातलं तापलेलं पाणी तिच्यात आणून सोडणाऱ्या दोन रबरी नळ्या. पंखा फिरला की पायांवर गरम वारा यायचा. म्हणजे साहेबाच्या यायचा. महादेवप्पांच्या पायांवर यायचा तो आडातून आल्यासारखा.

"अहो, वाळ्याचे पडदे भिजवून लोक असल्या वाऱ्याची वाट बघतात," पेठेतली मंडळी म्हणत. "तुम्हाला बसल्या जागी मिळतोय, तर दुरुस्त कसला करता?"

पण महादेवप्पांना तो गरमच हवा होता. त्यांची थोरली बहीण निंगव्वा अक्कलकोटात एकटी राहायची. थंडी पडली की तिचे गुडघे धरायचे. तिला कायमची घरी आणायची, एवढं एकच महादेवप्पांच्या मनात होतं. ती म्हणायची, मोटारीत वारं लागतं. तेव्हा महादेवप्पांनी छाती पुढे काढून सांगून टाकलं होतं की आपल्या मोटारीत वारं गरम येतं. "येऊ दे तर खरं," निंगव्वा म्हणाली होती. "आलं तर मी येते. नाही तर नाही."

पौषातल्या त्या सकाळी ते तिला आणायला निघाले, तेव्हा शेजारी त्यांची लेक गुरम्मा बसली होती. लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पुसून माहेरी आलेली गुरम्मा आता मुलींच्या शाळेत शिकवायची. घरात इंग्रजी वाचणारी ती एकटी, त्यामुळे मोटारीबरोबर आलेलं बारीक टायपाचं पुस्तक तिच्याकडे होतं. हाती पडेल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची तिला खोडच होती, आणि वाचलेलं असल्यामुळे वडिलांच्या बहुतेक वाक्यांना तिचं एकच उत्तर असायचं, "तसं नाही, अप्पा."

मायाप्पाने मोटार काढली. हा पूर्वी महादेवप्पांच्या ज्वारीच्या गाड्या हाकायचा. सोलापूरच्या कुठल्याही मोटारवाल्याप्रमाणे त्याने आधी इंजिनाच्या तोंडावर ओलं तरट बांधलं आणि घागरभर गार पाणी आत ओतलं. कुंभारीला विहीर दिसली, मायाप्पा थांबला. जुनं पाणी सोडलं, नवं भरलं, तरट भिजवलं. पुढच्या ओढ्यावर पुन्हा तेच. पेटीतला पंखा इमाने इतबारे फिरत होता आणि महादेवप्पांनी पाय वर घेऊन मांडी घातली होती.

"गुरम्मा, मला वाटतं हा हिला पाणी फार पाजतो," महादेवप्पा म्हणाले. "गारठलीय ती. इंजिनच तापलं नाही तर वारा कुठनं तापेल?"

"तसं नाही, अप्पा. मोटार म्हणजे काय बैल आहे? दोष नळीत आहे. पुस्तकात स्पष्ट दिलंय, वारा गार आला तर नळी तुंबलेली असते."

"आन् पानी न्हाय पाजायचं म्हंजी?" मायाप्पाला राग आला. "मालक, मुकं जनावर हाय. तान लागली तर सांगनार हाय व्हय ते? मधीच बसलं की मग मलाच बोलनी."

वळसंगला नळी सोडवली. गुरम्मा पुस्तक वाचून सांगत होती, मायाप्पा नळी उपसत होता आणि महादेवप्पा वाकून बघत होते. मायाप्पाने नळीच्या एका टोकाला तोंड लावून जोरात फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून साहेबाच्या काळातलं गंजाचं पाणी निघालं आणि महादेवप्पांच्या पांढऱ्या धोतरावर बसलं.

"निघाली की घान!" मायाप्पा खूश झाला.

नळी बसवली. वारा गारच.

तोवर भोवती निम्मं गाव जमलं होतं. एकाने मोटारीवरून नारळ ओवाळायला सांगितलं. दुसरा म्हणाला, पंखा उलटा फिरवा, मग वाराही उलटा येईल. चहाच्या दुकानाचा मालक शिवप्पा मात्र व्यवहारी माणूस होता. "वारा गरम पाहिजे ना? मग ही शेगडी न्या की," त्याने पेटती शेगडीच आणून पेटीपुढे ठेवली. "आत्ता पंखा चालू द्या, आणि बघा."

"अप्पा, नको हो," गुरम्मा म्हणाली. "पुस्तकात हे कुठंच नाही."

"मग पुस्तकात नाही ते करून बघू," महादेवप्पा म्हणाले.

वारा गरम झाला, यात शंका नाही. पण मोटार हलली तसा पंख्याने शेगडीतली राखही उचलली. मोटारीत राखेचं धुकं झालं. मायाप्पाला रस्ता दिसेना, गुरम्माला पुस्तक दिसेना. महादेवप्पांनी चाचपडत पंख्याचं बटण धरलं आणि बंद करायला असं पिळलं की ते मुळासकट हातात आलं. पंखा चालूच राहिला. मोटार थांबवून शेगडी रस्त्यात ठेवली, तोवर महादेवप्पांच्या घोंगडीला भोक पडलं होतं.

"उद्या बसवू," म्हणून त्यांनी ते काळं बटण कोटाच्या खिशात टाकलं.

अक्कलकोटात निंगव्वा दारातच उभी होती. राखेने माखलेली तीन माणसं खाली उतरली. तिने तिघांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"अय्यो शिवने! महादेवा, भस्म कपाळाला लावायचं असतं रे. असं पोत्याने नव्हे."

"अक्का, तू हात घालून तर बघ."

निंगव्वाने पेटीपुढे हात धरला, आणि विस्तवाला लागल्यासारखा मागे घेतला. "हा तुझा गरम वारा? याच्यापरीस माझा आड ऊन आहे. आधी तुझ्या गाडीला ताप येऊ दे, मग मी येते." ती आत गेली आणि तिने आतून कडी घातली. मग कडी काढून तिघांना जेवायला वाढलं, आणि पुन्हा घातली.

परत येताना महादेवप्पा वाटभर हसत होते. मायाप्पाने प्रत्येक विहिरीवर पाणी पाजलं. दिवेलागणीला घरी आल्यावर, पाय शेकत, ते म्हणाले, "गुरम्मा, उद्या मायाप्पाला सांगू, वाटेत पाणी पाजू नको म्हणून. बघू तर काय होतं."

"तसं नाही, अप्पा," गुरम्माने पुस्तकातून मान वर केली नाही. "नळीच बदलावी लागेल."

"बरं बाई, नळी बदलू."

सकाळी महादेवप्पा उठले नाहीत. वैद्यबुवांनी नाडी बघितली, हात खाली ठेवला आणि पागोटं काढलं. दुपारी लिंगायतांच्या रीतीने त्यांना अंत्ययात्रेच्या सजवलेल्या विमानात मांडी घालून बसवलं, अंगाला भस्म फासलं. तसे पांढरे झालेले अप्पा बघून गुरम्माला एकदम शेगडी आठवली आणि हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ती भिंतीकडे वळली. बायकांना वाटलं, पोरगी रडते आहे. थोड्या वेळाने त्यांचं म्हणणं खरं झालं.

निंगव्वा आत्या आली. कुणाच्या तरी बैलांच्या दमणीतून, गुडघे बांधून, न बोलावता. आणि राहिली.

त्यानंतर गुरम्माला एका जागी बसवेना. शाळेतून आली की ती मोटारीपाशी जायची. एक नळी बदलून झाली, मग दुसरी. तोटी बदलली, पंख्याला तेल घातलं, पेटी उघडून घासली. पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. वारा गार तो गारच. "आक्का, आता कशाला?" मायाप्पा म्हणायचा. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. कोटातलं बटण तिने आपल्या चंचीत ठेवलं होतं. ते बसवावं, म्हणजे निदान पंखा तरी बंद करता येईल, असं रोज मनात यायचं. पण बसवणं होत नव्हतं.

चैत्र उजाडला आणि आत्याने अक्कलकोटला जायचं काढलं. घराकडे एकदा बघून येते म्हणाली. शाळेला रजा टाकून गुरम्माही तिच्याबरोबर निघाली. दिवस सोमवारचा होता. तिच्या गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे, आणि आजची पूजा तिला आपल्याच घरच्या देवापुढे करायची होती.

कुंभारीची विहीर आली. मायाप्पाने मोटार कडेला घेतली.

"का थांबलास रे?"

"पानी पाजतो की आत्याबाई."

"मी सकाळपासून पाणी प्यायले नाही, आणि तुझी गाडी पिते होय? पूजा व्हायची आहे माझी. हाक!"

"आवं, पर ऊन किती हाय..."

"हाक म्हणते ना!"

ओढा गेला. पुढची विहीर गेली. तरट वाळून खडखडीत झालं. मायाप्पा प्रत्येक पाणवठ्याकडे मान वळवून बघायचा आणि मागून आवाज यायचा, "समोर बघ!"

वळसंगच्या अलीकडे गुरम्माला पायाशी काहीतरी लागलं. तिने पाय मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. पेटीतून भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येत होता. बाहेर चैत्राचं ऊन, आत क्वेट्ट्याच्या बर्फाला पुरून उरेल असा हीटर. मायाप्पाच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या.

"आरं बिरदेवा! आक्का, बटन हाय न्हवं तुमच्याकडं? बसवा आन् बंद करा की ते! शिजतोय आमी!"

गुरम्माने चंचीतून बटण काढलं. ते तिच्या मुठीत राहिलं.

आत्या घामाने निथळत होती. तिने लुगडं घोट्यावर घेतलं, दोन्ही पाय पेटीपुढे ठेवले आणि गुडघ्यांवरून हात फिरवला.

"बिसी," ती हळूच कानडीत म्हणाली. "गरम आहे ग. महादेव म्हणत होता तसंच."

"आक्का, थांबवू का? पानी पाजू?"

"नको," गुरम्मा म्हणाली. ती पेटीकडे बघत होती. मग इंजिनाच्या आवाजावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती बोलली, तशी मायाप्पाने दचकून मागे बघितलं.

"तसंच होतं, अप्पा. तुम्ही म्हणत होता, तसंच होतं."