राखणदाराची गोळी

सकाळी एस.टी.डी. बूथचं शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक लक्ष्मीच्या पावलांनी यावं, अशी माझी साधी अपेक्षा असे. माझ्या नशिबी शांतारामनाना होते. हातात पाण्याचा तांब्या, खांद्यावर पंचा. चपला बाहेर काढून ते काचेच्या केबिनमध्ये शिरायचे, मला लांज्याचा नंबर लावायला सांगायचे आणि पलीकडे फोन उचलला गेला, की एक पांढरी गोळी दोन बोटांत धरून टेलिफोनसमोर गाऱ्हाणं घालायचे.

"बा देवा म्हाराजा, आज तुजं लेकरू ही गोळी घेतंय. पोटात गेलेली पोटात ऱ्हाऊ दे, व्हटापर्यंत आलेली बाटली मागारी जाऊ दे. जबरदस्ती नाय, राजीखुशीनं मान्य करून घे रे म्हाराजा."

मग माझ्याकडे बघत थांबायचे. गाऱ्हाण्याला होकार लागतो, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी काउंटर पुसत म्हणायचे, "व्हय म्हाराजा." मगच गोळी तोंडात जायची. एकदा मी मुद्दाम गप्प राहिले. नाना गोळी धरून तसेच उभे. मीटर पळतोय, बाहेर मिरकरवाड्याला जाणारी दोन माणसं फोनसाठी ताटकळलीत, पलीकडून बाईच्या खोकल्याचा आवाज येतोय आणि नाना हलायला तयार नाहीत. शेवटी मीच शरण गेले.

नाना मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचे आणि वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. तिसरा उद्योग पिण्याचा. त्यात त्यांचा हात धरणारं मिरकरवाड्यात कुणी नव्हतं. एका शिमग्यात तर पालखी खांद्यावर असताना नाना शेणाच्या ढिगात बसले. देव थोडक्यात वाचला. बायकोने, म्हणजे सुनंदावहिनींनी, तिथल्या तिथे घरी जाऊन पिशवी भरली आणि त्या लांज्याला भावाकडे निघून गेल्या. भावाचा काजूचा व्यवसाय होता. तिथे बसून त्या बिया सोलू लागल्या आणि नवऱ्याचं नाव टाकलं.

त्यानंतर कधीतरी नाना गावातल्या मनाच्या डॉक्टरांकडे गेले. कुणी नेलं नाही, स्वतः गेले. डॉक्टर म्हणाले, दाखल व्हायची गरज नाही. घरी राहा, कामाला जा, रोज एक गोळी घ्या आणि दर मंगळवारी मला तोंड दाखवा. ही गोळी अंगात असताना दारूचा घोट गेला, तर तोंड लालबुंद होईल, छाती धडधडेल, उलट्या होतील, जिवावरही बेतेल. म्हणून ती चोरून नाही, घरच्या माणसासमोर घ्यायची. आता घरचं माणूस लांज्याला. तेव्हा नानांनी घरचं माणूस टेलिफोनवर बसवलं आणि डोळे माझे उसने घेतले.

वहिनी त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. गाऱ्हाणं ऐकत, थांबत. नाना पाणी पीत, तोंड उघडून जीभ वर करत आणि मी खाली वाकून बघे. माणसाच्या जिभेखाली रोज उठून बघावं असं काहीही नसतं, पण मी बघत होते. मग रिसीव्हर माझ्या हातात.

"गिळली?"

"गिळली."

फोन बंद. नाना विचारायचे, काय बोलली? मी म्हणायचे, गिळली का म्हणाली. तेवढ्यावर ते दिवसभर बर्फ ओढत.

'राजीखुशी' हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. बर्फसुद्धा राजीखुशीनं वितळतो, उन्हाची त्याच्यावर जबरदस्ती नसते, असं त्यांचं मत होतं. एकदा माझे हे मुंबईहून आले असताना आमचं कडाक्याचं भांडण झालं. नाना केबिनमधून सगळं ऐकत होते. जाताना एवढंच म्हणाले, "बाय, भांडान पन राजीखुशीनं करा, मग इतका घसा लागत नाय." आम्हाला हसू आवरेना आणि भांडण तिथेच मोडलं.

पण त्या हसण्याच्या खाली सगळा वेळ एक धास्ती होती. तिला कारण झाला बाळू, नानांचा चुलतभाऊ. तोही बर्फाच्या कारखान्यातच. मनाने वाईट नव्हता, पण त्याचा बसायचा जोडीदार गेला होता आणि गोळ्या खाणारा पुरुष पुरुष राहत नाही असं त्याच्या डोक्यात होतं. एका दुपारी त्याने गंमत म्हणून नानांच्या थंड्याच्या बाटलीत थोडी दारू मिसळली. नानांनी दोन घोट घेतले आणि थोड्याच वेळात त्यांचं तोंड उकडलेल्या कोळंबीसारखं लाल झालं. श्वास घेता येईना. ओकून ओकून आतडी बाहेर यायची वेळ आली. मासळीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. बाळू टेम्पोत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसला होता म्हणे. वाचले.

तेव्हापासून नाना प्रत्येक गोष्ट हुंगायला लागले. चहा हुंगायचे, खोकल्याचं औषध हुंगून परत द्यायचे, लग्नात अंगावर गुलाबपाणी उडवणाऱ्या मुलीचा हात वरच्या वर धरायचे. माझ्या रिसीव्हरला मी वासाची चकती लावली होती, तीही त्यांनी नाक लावून तपासली आणि मला काढायला लावली. तेव्हापासून माझा रिसीव्हर गिऱ्हाइकांच्या तोंडाचा वास मारत राहिला. मी चिडचिड केली, पण चकती परत लावली नाही.

शिमगा जवळ आला तशी सुनंदावहिनींनी एक दिवस 'गिळली' ऐकून फोन ठेवला नाही. म्हणाल्या, "पालखीच्या दिवशी येते. सगळं खरं असंल तर ऱ्हाते. नायतर पुन्ना त्या घराची पायरी चढनार नाय. तुज्या शब्दावर येतेय बाय." मी नानांना सांगितलं. त्यांनी बाहेर जाऊन चपला घातल्या, डाव्या पायातली उजव्यात, आणि तसेच कामावर गेले.

आणि त्याच आठवड्यात मला ते सापडलं.

माझ्या बूथच्या मागे उंडीचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी एक काळा दगड. तो आमच्या वाडीचा राखणदार. दर शिमग्याला त्याला नारळ, कोंबडा आणि दारूची धार द्यायची रीत. पालखी यायची म्हणून मी झाडलोट करायला गेले, तर दगडापुढच्या करवंटीत पांढरे तुकडे. काही दवाने विरघळलेले, काही ताजे. मी एक उचलून निरखला. ती गोळी रोज इतक्या जवळून बघितली होती की चुकायची सोयच नव्हती.

मी रोज त्या बाईला 'गिळली' म्हणून सांगत होते. ती माझ्या शब्दावर बिऱ्हाड हलवणार होती. आणि इथे गोळ्या दगडापुढे. शिमग्याच्या आधी गोळी सोडायची, अंगातून जाऊ द्यायची आणि मग मोकळेपणी प्यायची, ही युक्ती पिणाऱ्यांना ठाऊक असते, हेही डॉक्टरांनी एका मंगळवारी, मी सोबत गेले असताना, नानांना ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना आले, तसा मी नंबरच लावला नाही. करवंटी काउंटरवर ठेवली आणि हे काय म्हणून विचारलं. नाना अजिबात चपापले नाहीत. उलट मीच अडाणी असल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"ता राखणदाराचा वाटा हाय."

"राखणदाराला गोळी?"

"त्येला पन सवय लागलीली हाय, बाय. मीच लावलीन. इतकी वर्सं पयली धार त्येला, मग मला. मी औशद घ्यायचं आनि त्येनं घेऊ नये? हितं येन्याआदी माज्यातला चतकोर त्येला काडून ठेवतो. बाकी सगळी तुज्यासमोर गिळतो."

गोळीची तुटकी कड ते दोन बोटांखाली धरत असणार, माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. खरं असेल तर माणूस वेडा होता, खोटं असेल तर फार हुशार होता. आणि दारू पिणाऱ्याची हुशारी मी दोन घरी पाहिली होती. मी त्यांना फोन न लावताच परत पाठवलं, मग एकटीने लांज्याला लावला आणि वहिनींना जे होतं ते सांगितलं. मी गिळताना बघते आहे, पण दगडापुढे तुकडे आहेत आणि नाना असं असं म्हणतात. पलीकडे एक काजू फुटल्याचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "येते मी. बगते." आणि फोन ठेवला.

पालखीच्या दिवशी बूथ बंद होता. उरलेल्या गोळ्यांची पट्टी माझ्याकडेच असायची. नाना आदल्या दिवशी दुसऱ्या दिवसाची गोळी घेऊन जात, पण या वेळी विसरले होते. सकाळच्या गाडीने वहिनी उतरल्या. हातात तीच पिशवी. घरी गेल्या नाहीत, सरळ माझ्याकडे आल्या. पहिला प्रश्न, आजची झाली का? मी म्हटलं, नाही. त्यांनी हात पुढे केला. मी पट्टी दिली. त्यांनी ती कमरेला खोचली, पिशवी माझ्यापाशी ठेवली आणि उंडीपासून जरा लांब, बायकांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या.

ढोल वाजत पालखी आली. देव टेकला. नारळ फुटला. मग बाळूने झाकण काढलेली बाटली नानांच्या हातात दिली. रीत अशी, की मानकऱ्याने गाऱ्हाणं घालून राखणदाराला धार द्यायची आणि तीर्थ म्हणून एक घोट स्वतः घ्यायचा. त्याने घेतला की सगळ्यांना मोकळीक.

माझ्या मनात तेव्हा एकच हिशेब चालला होता. आजची गोळी राहिली तरी आधीच्यांचा असर अंगात असणार; नानांनी घोट घेतला आणि आडवे झाले, तर माणूस खरा. घेतला आणि काही झालं नाही, तर माणूस खोटा. वहिनींचाही हाच हिशेब असणार, कारण त्यांनी पदर तोंडात धरला होता. खरं ठरायला माणसाला मरावं लागणार, असा हा न्याय. आणि नाही घेतला तर अख्खी वाडी अंगावर येणार.

नाना ती बाटली हुंगत नव्हते. इतके महिने सगळं हुंगणारा माणूस श्वास धरून उभा होता. ढोल थांबले.

"बा राखणदारा म्हाराजा," नाना म्हणाले, "माज्या बापानं तुला पाजलीन, मी पाजली. घरातला मानूस ग्येला, वाडीनं त्वांड फिरवलं, तवा ह्या उंडीखाली तू एकटा माज्यासंगं बसायचास. एक घोट तुला, एक मला. दुसरा कोन नव्हता. आता मी सुटायला बगतोय. तुला हितंच टाकून मी एकटा कसा सुटू? म्हनून माज्यातली गोळी तुला देतोय. आजपासनं नारळ हाय, गूळ हाय. ही नाय. जबरदस्ती नाय, राजीखुशीनं मान्य करून घे रे म्हाराजा."

आणि ते थांबले. माझ्या केबिनमध्ये थांबायचे तसेच.

कुणी होकार देईना. पुरुष एकमेकांकडे बघत होते. बाळू जमिनीकडे. पालखीपुढे बायकांनी होकार द्यायची आमच्यात पद्धत नाही, माझ्या जिभेवर आलेला शब्द तिथेच अडकला. मला त्या माणसाची इतकी दया आली की वर बघवेना. गाऱ्हाणं मधल्या मधे लोंबकळत होतं आणि बाटली नानांच्या हातात होती.

तेवढ्यात बायकांचा घोळका हलला. सुनंदावहिनी सरळ पालखीसमोरून चालत गेल्या. नानांच्या हातातली बाटली काढून घेतली आणि बाळूला म्हणाल्या, "भावोजी, धरा." बाळूने धरली. कमरेची पट्टी काढून त्यांनी दोन गोळ्या सोडवल्या. एक करवंटीत ठेवली, अख्खी. दुसरी नानांच्या तळहातावर.

"एक त्येची, एक तुमची. तुकडं करायचं नाय. अर्दवट औशद कुनालाच लागू पडत नाय."

वहिनींनी वर्षभरानंतर नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नानांनी पाण्याची वाट बघितली नाही, गोळी तशीच गिळली. मग स्वतःहूनच तोंड उघडून जीभ वर केली, साऱ्या वाडीसमोर, देवासमोर. वहिनी वाकून बघायला लागल्या.

"अजून वर."

नानांनी अजून वर केली. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, पण तोंड काही मिटलं नाही. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाळू, ती बाटली पोटाशी धरून, घसा खाकरून हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्याच्या मागून दोघे, मग सगळे. ढोलवाल्यांनी ढोल उचलले.

पालखी पुढच्या घराकडे वळली. मागे दगडापुढे नारळाची भकलं, गुळाचा खडा आणि ती एक पांढरी गोळी. वहिनी पिशवी उचलायला माझ्याकडे आल्या. उरलेली पट्टी परत देतील म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी ती आपल्या कमरेला खोचली.

"बाय, उद्यापासनं लांज्याला फोन लावू नको," म्हणाल्या.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.