नऊशे वर्षं जुना पूल

स्पर्धेच्या नियमावलीतला अकरावा नियम धाकटीने वाचला तेव्हा प्रवेशिका द्यायला एकच दिवस उरला होता आणि घरात माणसं होती नेमकी चार.

नियम असा होता: तुम्ही रचलेलं अद्भुत जग अशा चार जणांना खेळायला द्या, ज्यांनी हा खेळ कधीच खेळलेला नाही. खेळात जे घडेल त्याचा अहवाल लिहा आणि त्यावर खेळणाऱ्यांपैकी एका प्रौढाची सही घ्या. सही नाही तर प्रवेशिका बाद.

जग तयार होतं. त्यासाठी धाकटी दोन वर्षं राबली होती, त्यातलं निम्मं गणिताच्या तासाला. नकाशा आधी पेन्सिलीने, मग शाईने काढला होता. अलीकडे एक गरीब गाव, मध्ये खोल दरी, दरीवर नऊशे वर्षं जुना दोरखंडाचा पूल, पलीकडे असुरांचं सैन्य आणि गुहेत कालज्वाल नावाचा आग ओकणारा ड्रॅगन. जिंकणाऱ्याला सुट्टीत तीन आठवडे खेळ बनवणाऱ्या मंडळींच्या कार्यशाळेत राहायला मिळणार होतं. ड्रॅगन म्हटल्यावर 'गृहपाठ झाला का' असं न विचारणाऱ्या माणसांत, सलग तीन आठवडे, घरापासून लांब. धाकटीला या जन्मात दुसरं काही नको होतं.

रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून तिने चौघांना बसवलं. बाबा इमारतींचे सुरक्षा तपासनीस. आई इस्पितळात मुख्य परिचारिका. आत्या गणवेश शिवायची. दादा कॉलेजात जायचा, निदान तसं सांगून घराबाहेर पडायचा. धाकटीने सगळं समजावलं: मी जग सांगणार, तुम्ही त्यातली पात्रं व्हायचं, काय करणार ते बोलायचं आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. मोठा आकडा पडला की जमलं. बाबा तलवारबहाद्दर, आई जादूगारीण, आत्या धनुर्धारी, दादा चोर.

बाबांनी फासा हातात घेतला तो थेट चाळीस वेळा टाकून पाहिला आणि प्रत्येक आकडा वहीत लिहिला. फासा निर्दोष आहे अशी त्यांची खात्री पटेपर्यंत तीन वाजले. दादाने पहिल्याच डावात आपला चोर धर्मशाळेत जाऊन झोपतो असं जाहीर केलं आणि भूमिकेत इतका शिरला की पाच मिनिटांत खरंच घोरायला लागला.

"तुम्ही पुलापाशी आलात," धाकटी आवाज खोल करून म्हणाली. "नऊशे वर्षं जुना पूल. जो जो पलीकडे गेला, तो परत आला नाही."

वातावरणनिर्मिती म्हणून तिने हे वाक्य तीनदा घासूनपुसून लिहिलं होतं. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे अपघात होतायत हे गावाला माहीत आहे," ते म्हणाले, "आणि तरी पूल चालू आहे."

"बाबा, तो शापित आहे."

"असेल ना. मी नाही कुठे म्हणतो? पण शेवटची तपासणी कधी झालीय?"

धाकटी गप्प बसली, आणि तिथेच चुकली. आपल्या कामात बाबा गप्प बसण्याचा एकच अर्थ लावत: तपासणी झालेलीच नाही. तलवारबहाद्दराने तलवारीने दोन झाडं तोडली, आडवी टाकली आणि पूल बंद असल्याची पाटी लावली. जमतंय का ते बघायला फासा टाकला, तर वीस. आता खुद्द जग सांगणारीलाही तो पूल उघडता येईना, कारण फाशाचा शब्द अखेरचा हा नियम तिनेच केला होता. अख्खं साहस पलीकडे आणि तिचे वीर अलीकडे, दोर किती जाड हवा यावर चर्चा करत बसलेले. दीड तास गेला.

वीर पलीकडे जात नाहीत तर असुरांनाच अलीकडे पाठवू, असं ठरवून धाकटीने अख्खं सैन्य दरी उतरून गावात घुसवलं. फाटक्या चिलखतांतले दोनशे असुर. वर्णन करताना तिच्याच अंगावर काटा आला. आत्याने मात्र एवढंच विचारलं की चिलखतं खांद्यात फाटलीयत की काखेत. काखेत, असं धाकटीच्या तोंडून निघून गेलं. मग आत्या हळहळली. माप न घेता शिवलं की असंच होतं, हात वर करता येत नसेल तर बिचारे लढणार कसे? धनुर्धारीने धनुष्याची दोरी सोडवली, तिचा मापाची फीत म्हणून वापर केला आणि असुरांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. फाशावर अठरा. साडेपाच वाजता सैन्य मापं देत होतं.

धाकटीने शेवटचा हुकमाचा पत्ता काढला. आकाश काळवंडलं, कालज्वाल स्वतः उडत आला, गावावर झेपावला आणि त्याच्या घशातून धूर आणि आग उसळली.

"किती दिवसांपासून होतंय हे?" आईने विचारलं.

"काय?"

"घशातून धूर. जेवल्यावर वाढतो का?"

"आई, तो ड्रॅगन आहे. तो आगच ओकतो."

"मोठमोठे लोक येतात आमच्याकडे, सगळे हेच म्हणतात. आमचं आधीपासूनच असंय म्हणतात," आई म्हणाली आणि फासा टाकला. एकोणीस.

सहा वाजता कालज्वाल गावाच्या चावडीत पांघरूण घेऊन पडला होता आणि त्याला तीन दिवस बोलायची बंदी होती. लढायला जगात कुणी उरलं नव्हतं. चौघांनाही खेळ फार आवडला. दादाला तर उठवावं लागलं.

धाकटीने खोलीचं दार लावलं आणि अहवाल लिहिला. अर्थातच सपशेल खोटा. त्यात तलवारबहाद्दराने पूल ओलांडला, असुरांची कत्तल केली आणि ड्रॅगनच्या काळजात तलवार खुपसली. वाचताना तिचेच डोळे भरून आले. ती तो बाबांकडे घेऊन गेली. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मी पूल ओलांडला नाही," ते म्हणाले.

"मला माहितीय. पण सही केली नाहीत ना बाबा, तर मी बाद होईन. दोन वर्षं गेली माझी."

"अगं, ज्या पुलावर पाऊल ठेवलं नाही, तो ओलांडला म्हणून सही कशी करू? एकदा केली ना अशी, की मागच्या सगळ्या सह्या फुकट जातात."

ते कठोरपणे म्हणाले असते तर भांडता आलं असतं. ते इतक्या हळू म्हणाले की धाकटीने हातच टेकले. मग बाबांनी स्वतः अहवाल लिहायला घेतला. अकरा पानं. कोणी काय केलं याच्या ओळी चार, बाकी सगळे शेरे. गुहेला दुसरा दरवाजा नाही. दरीच्या काठाला कठडा नाही. ड्रॅगनच्या आरोग्याकडे कित्येक शतकं दुर्लक्ष. आणि सोबत नकाशा असावा म्हणून त्यांनी धाकटीच्या नकाशावर, त्या शाईच्या नकाशावर, लाल पेन्सिलीने सतरा गोल केले. खाली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर धाकटी अहवाल आणि नकाशा लखोट्यात घालून स्पर्धेच्या कार्यालयात देऊन आली. परतताना रडलीसुद्धा नाही. रडायला थोडी तरी आशा लागते.

महिन्याने पत्र आलं. बाबांच्या नावाने. परीक्षकांनी लिहिलं होतं की तीनशे जगांत तीनशे ड्रॅगन मारले गेले, परंतु जिथे वीर तलवारीऐवजी वही घेऊन हिंडतो आणि जगालाच ठीकठाक करतो, असं जग एकच होतं. अकरा पानं त्यांनी एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवली होती. पहिलं बक्षीस बाबांना. कार्यशाळेतली जागाही बाबांना. नकाशा काढून देणाऱ्या मदतनीस मुलीचंही त्यांनी कौतुक केलं होतं.

तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणंही बाबांच्या हाती. धाकटी जेवली नाही. बाबा मात्र पत्र घेऊन टेबलाशी बसले. त्यांनी उत्तर लिहिलं की जग मुलीचं आहे, मी केवळ त्यातल्या चुका दाखवल्या आणि चुका दाखवायला आधी कुणीतरी काहीतरी बांधलेलं लागतं. हे शेवटचं वाक्य धाकटीने त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि गुपचूप जाऊन ताट वाढून घेतलं.

चार दिवसांत दुसरं पत्र आलं. जागा धाकटीची. सोबत पालकांसाठी एक कागद होता: मुलगी जिथे राहणार ती जागा मला मान्य आहे, खाली सही.

"जागा पाहून येतो," बाबा म्हणाले. वही आणि विजेरी घेऊन ते सकाळी गेले, ते संध्याकाळी उगवले. धाकटी दारातच बसून होती.

"पाहिली जागा," ते चपला काढत म्हणाले. "माणसं फार चांगली आहेत गं. सगळं ऐकून घेतात."

"आणि जागा?"

"जिना एकच. विजेच्या तारा उघड्या. जागा बंदच करावी लागली. त्यांनी लगेच काम सुरू केलंय, तीन आठवड्यांत होईल."

कार्यशाळाही तीनच आठवड्यांची होती. धाकटी भिंतीला टेकली. तिच्याकडे काही क्षण बघून बाबांनी घसा खाकरला. "मग मी त्यांना म्हटलं, आमचं जेवणाचं टेबल दिवसभर रिकामंच असतं."

सोमवारी सकाळी नऊ वाजता खेळ बनवणारी आठ माणसं घरात आली. आईने त्यांना हात धुऊन यायला लावलं. ज्याचा सदरा पाठीत ओढत होता, त्याला आत्याने वळून उभं राहायला सांगितलं. दादा खोलीतून डोकावला आणि पुन्हा झोपला. बाबांनी खुर्च्या मोजल्या, तर एक कमी पडत होती.

"तू उभी राहा," ते धाकटीला म्हणाले. "जग तुझंय, सांगायचंही तुलाच आहे."

ती उभी राहिली. आठ जणांनी आठ वह्या उघडल्या आणि तिच्याकडे पाहिलं. तिने आवाज खोल केला, तोंड उघडलं, आणि टेबलाच्या टोकाला नववी वही उघडली.