लवंगीच्या अंगावरचे बावीस पट्टे

एका जंगलात, बाळांनो, सगळे बसलेले असायचे. तुम्हीही बसा. मी तर बसलोच आहे. गोष्ट सांगणाऱ्याला बसावंच लागतं, त्यात फिदीफिदी हसण्यासारखं काही नाही.

तर सगळे बसलेले. सोंडेबापू हत्ती वडाखाली, म्हैस डबक्यात, माकडं फांदीवर. राजा आयाळराव सिंह सिंहासनावर. त्याने शिकार सोडून पेरू धरले होते. का? पेरू पळत नाहीत ना, म्हणून.

मग हे पेरू आणायचं कोण? लवंगी नावाची एक सशीण होती. अंगाने एवढीशी, पण पायांत नुसती वीज. दिवसभर हाका सुरू.

"लवंगे, चार पेरू आण गं!"

"लवंगे, गवत आण. कोवळं हं, कालच्यासारखं निबर नको!"

ती धावायची. पेरूचं झाड होतं झऱ्याकाठी, वडापासून उणीपुरी चाळीस पावलं. पण चाळीस पावलं म्हणजे काय चेष्टा आहे?

त्याच झऱ्याकाठी लवंगीचं बीळ होतं. तीन तोंडांचं, तिने एकटीने खणलेलं. आत तिची तीन पिल्लं. त्या बिळावर तिचा भारी जीव होता. दिवसभर पळून आली की ती दाराशी बसायची आणि म्हणायची, "आपलं घर ते आपलं घर बाई."

एकदा अस्वल वैद्याने राजाची नाडी पाहिली. मग गुडघे दाबले. गुडघे असे वाजले की डबक्यातली म्हैस दचकली.

"महाराज, साऱ्या प्रजेची हीच गत आहे. कोणी हलतच नाही," वैद्य म्हणाला.

लगेच सभा भरली. चालण्याचे फायदे या विषयावर चार तास भाषणं झाली. सगळ्यांनी ती बसून ऐकली. कोणी घोरलंही. शेवटी कोल्होबा दिवाणाने कायदा वाचून दाखवला.

"प्रत्येकाला एक पट्टा मिळेल. पट्ट्यावर नाव असेल. आत एक मोजणी-किडा असेल. हिसका बसला की तो एक पाऊल मोजेल. दर आठ दिवसांनी हिशेब. ज्याची पावलं सगळ्यांत कमी, तो देशाला भार. त्याला जंगलातून हद्दपार!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढाच व्यायाम.

दुसऱ्या दिवशी सोंडेबापूंनी लवंगीला हळूच बोलावलं. "अगं, तू तशीही फिरतेसच. माझा पट्टा ने की बरोबर. तुला काय जड आहे?"

"द्या, बापू," लवंगी म्हणाली. स्वभावच तसा. कोणाला नाही म्हणणं तिला जमायचं नाही.

मग म्हशीने दिला. माकडांनी दिले. दिवाणाने दिला. शेवटी खुद्द राजाने, इकडेतिकडे बघत, शेपटीने पुढे सरकवला. बावीस पट्टे झाले. चारी पाय भरले, कान भरले, गळा भरला. स्वतःचा पट्टा बांधायला जागाच उरली नाही. तो तिने बिळातल्या खुंटीला अडकवला. आता तुम्ही म्हणाल, वेडीच की! होतीच. माझी आईही अशीच होती.

आठ दिवसांनी सगळ्यांनी आपापले पट्टे परत घेतले आणि मोठ्या ऐटीत बांधले. हिशेब झाला. सोंडेबापू पहिले! पट्टा लवंगीच्या मागच्या पायाला होता, तिथे हिसके जास्त. त्यांना झेंडूचा हार घातला. तो घालायलाही ते उठले नाहीत. माकडांनीच वरून सोडला.

"आणि सगळ्यांत शेवटी," दिवाणाने वाचलं, "लवंगी. पावलं, शून्य."

लवंगीला वाटलं, थट्टाच चालली आहे. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की दुसरं कोणीच हसत नाही.

"अहो, ही सगळी पावलं माझीच आहेत! बापू, तुम्ही तरी सांगा ना!"

सोंडेबापूंनी सोंडेतल्या पेरूकडे पाहिलं. पेरूत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"तुझा किडा काय म्हणतो?" दिवाणाने विचारलं.

किडा आळस देत बोलला, "आठ दिवस खुंटीवर झोपलो होतो सरकार. फार गाढ झोप लागली."

झालं. पुराव्यापुढे कोण बोलणार? लवंगी खूप रडली. मग तिने एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि तीन कोसांवरच्या हद्दीपलीकडे नेऊन ठेवलं. तीन पिल्लं, तीन खेपा. ती पावलं कोणत्याच किड्याने मोजली नाहीत.

इकडे साठवणीचे पेरू संपत आले. आठ दिवस झाले आणि पुन्हा हिशेब निघाला. सगळ्यांची पावलं शून्य! कायदा म्हणजे कायदा. राजा सोडून सगळेच हद्दपार. दिवाणसुद्धा. पण कायदा वाचून दाखवायला कोणीतरी हवं, म्हणून त्याने स्वतःला सूट दिली.

"चला, निघा," दिवाण म्हणाला.

"कुठे?"

"हद्दीपलीकडे. तीन कोस."

सोंडेबापू उठले. चार पावलं टाकली आणि मटकन खाली बसले. "अहो, तीन कोस चालता आलं असतं, तर हद्दपार कशाला झालो असतो?"

मुद्दा बिनतोड होता. राजाने खूप विचार केला. मग म्हणाला, "असं करा. यांना हद्दीकडे नेता येत नसेल, तर हद्दच इकडे आणा."

दिवाणाने काठीने सिंहासनाभोवती एक रेघ ओढली. आत राजा आणि दिवाण. बाहेर बाकी सगळे. बसल्या जागी हद्दपार! सगळ्यांना हायसं वाटलं.

कावळ्याने ही बातमी लवंगीला जाऊन सांगितली. तिने कान टवकारले. "म्हणजे माझं बीळ?"

"हद्दीबाहेर!"

"अगं बाई!" लवंगी म्हणाली, आणि पिल्लू उचलून अशी सुटली की विचारू नका. पुन्हा तीन खेपा. पण या वेळी दम लागला नाही. बिळाच्या दाराशी आल्यावर तिने माती हुंगली आणि तिला रडूच आलं.

"आलीस का लवंगे?" वडाखालून हाक आली. "चार पेरू आण गं, दोन दिवसांचा उपाशी आहे!"

लवंगीने पाय पसरले. जन्मात पहिल्यांदा ती म्हणाली, "नाही."

मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "बापू, तुम्ही हद्दपार, मीही हद्दपार. झाड चाळीस पावलांवर आहे. या की."

सोंडेबापू सकाळी निघाले ते दुपारी पोचले. सोंड वर केली, पेरू तोडला, खाल्ला. "चुकलो गं पोरी," ते म्हणाले. आणि मग, "झाडावरचा इतका गोड असतो होय?" ते ऐकून म्हैस उठली. मग माकडं.

रेघेच्या आत राजा ओरडला, "दिवाणजी, पेरू!"

"महाराज, झाड आता परदेशात आहे. अर्ज करावा लागेल."

अर्ज राजाकडेच आला. तो अजून विचाराधीन आहे.

तात्पर्य: चालणाऱ्याला घर सोडून जावं लागतं. बसून राहणाऱ्याची शिक्षासुद्धा घरपोच येते. म्हणून बाळांनो, बसा. आणि तुमच्यातलं कोणी उठणारच असेल, तर माझा हा पट्टा जरा बरोबर न्या.