सील मारलेली बॅग

मी तेवीस वर्षं रसायनीच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. माझ्या हातून हजारो पिंपं आणि गोण्या रवाना झाल्या, एकही नग चुकला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सांगून उपयोग होणार नाही.

आमची श्रिया एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघाली. बॅगेला मर्यादा तेवीस किलो. मी म्हटलं, पॅकिंग माझ्याकडे द्या. श्रिया म्हणाली, "बाबा, माझं मी भरते रे." ती अगदी सहज बोलली, पण मला लागलं. लेक पहिल्यांदाच घर सोडून चाललेली आणि तिच्या सामानाला बापाचा हातसुद्धा लागायचा नाही!

म्हणून ठरवलं, निदान वजनाची ट्रायल घ्यायची. कर्जतच्या बाजारातून एकावर एक फुकट अशा दोन निळ्या बॅगा आणल्याच होत्या. एक श्रिया भरत होती, दुसरी मी घेतली. तेवीस किलो म्हणजे किती ते आमच्या सौ.ना, म्हणजे उमाला, दाखवणं भाग होतं. ती मेतकूट, भाजणी आणि वर कुकर न्यायचाच म्हणत होती. मी माझ्या ऑफिसच्या सगळ्या पँटी, शर्ट, लुंग्या आणि जुन्या दिवाळी अंकांची चळत कोंबली आणि बॅग चौकातल्या तांदळाच्या दुकानात काट्यावर ठेवली. साडेतीन किलो कमी. घरी येऊन पाट्यावरचा वरवंटा आत घातला आणि पुन्हा काट्यावर गेलो. बावीस किलो नऊशे! एवढं नेमकं मला नोकरीतही कधी साधलं नव्हतं. त्या आनंदात बॅगेला प्लॅस्टिकची पट्टी आवळली आणि सील मारलं. (पट्टी आणि सील घरी कसं आलं, ते कंपनीत बोलू नका.)

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर न्यायला शेजारच्या किशोरची जीप दारात आली. उमा लेकीच्या हातावर दही घालत होती, दोघींचे डोळे वाहत होते. मी पुरुषमाणूस म्हणून आतल्या खोलीत जाऊन रडत होतो. समोर दोन बॅगा, एकीला सील, एकीला नाही. सील असेल तोच माल गेटाबाहेर काढायचा, ही तेवीस वर्षांची सवय. हातांनी आपोआप ती उचलली. श्रियाने पट्टीवरून बोटं फिरवली. "मारलंसच शेवटी सील," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. विमानतळावर काटा बावीस किलो नऊशेवर थांबला, तेव्हा मी उमाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

घरी आलो तर आतल्या खोलीत निळी बॅग. उघडली. जॅकेटं, थर्मल, मेतकूट, भाजणी, सगळं इथेच. तिकडे थंडीत माझं लेकरू लुंग्या नेसून कॉलेजला जाणार!

तळाशी मोज्यांत गुंडाळलेली एक कानटोपी निघाली. माझी. दोन महिन्यांपूर्वी हरवली म्हणून मी उमाला बोल लावला होता. ती पोरीने चोरली होती, बरोबर न्यायला. मग मात्र मी उमासमोरच रडलो.

दुसऱ्या दिवशी श्रियाचा व्हिडिओ कॉल आला. उमाने आधी वरवंटा नीट पोचला का ते विचारलं. तो खिडकीत ऐटीत बसला होता. श्रियाच्या अंगात माझा चौकटीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. जॅकेट तिने तिथेच जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलं होतं. मी माफी मागायला लागलो, तर तिने थांबवलं.

"बाबा, विमानात मला फार भीती वाटत होती. इथे बॅग उघडली आणि खोलीभर आपल्या कपाटाचा वास आला. मग झोप लागली." आणि वर म्हणाली, "कानटोपी तेवढी पाठव."

सोमवार उजाडला. पँटी जर्मनीत, विमानतळावर घातलेली एकुलती एक उमाने भिजत टाकलेली. उरला लग्नातला सफारी. त्याचा हूक आणि काजं यांची गेल्या वीस वर्षांत भेट झालेली नाही. पोट आत ओढून, एका हाताने कंबर धरून मी कारखान्याच्या गेटावर उतरलो. वॉचमन नामाने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला,

"सायब, पट्टी मारून देऊ काय? वर सीलबी मारतो. वाटंत सुटायची नाय."